स्मरणार्थ

अमेरिकेत फॉस्टर केअरमधलं मूल एका घरातून दुसऱ्या घरात जातं, तेव्हा त्याचं सामान पुष्कळदा कचऱ्याच्या काळ्या पिशवीत भरलेलं असतं. आईबापांपासून कोर्टाने दूर केलेलं आणि दुसऱ्यांकडे सांभाळायला ठेवलेलं हे मूल. घर बदललं की अनेकदा शाळाही बदलते, मागचा धडा अर्धा राहतो. एरवी अठरा पूर्ण झाल्यावर आपली मुलं कॉलेजात जातात. यांच्या डोक्यावरचं छप्पर नेमकं त्याच सुमारास जायचं.

ऱ्होड आयलंडचे सिनेटर जॉन चेफी यांना हे सलत होतं. ग्वादलकनाल आणि ओकिनावा इथे लढलेला हा माणूस, पुढे गव्हर्नर आणि नौदलाचा सचिव झाला. फॉस्टर केअरमधून बाहेर पडणाऱ्या या मुलांना आधार देणारं विधेयक त्यांनी सिनेटमध्ये लावून धरलं होतं. 24 ऑक्टोबर 1999 रोजी ते गेले. 14 डिसेंबरला अध्यक्ष क्लिंटन यांनी कायद्यावर सही केली, आणि योजनेला नाव मिळालं चेफी यांचं. 2002 च्या जानेवारीत तिला शिक्षणाच्या व्हाउचरची जोड मिळाली: वर्षाला 5,000 डॉलरपर्यंत. 2018 पासून वयाच्या 26 व्या वर्षापर्यंत, एकूण पाच वर्षं ही मदत देता येते. पहिला नंबर कोणी मागत नाही. अभ्यास समाधानकारक चालू असला म्हणजे झालं.

तिथे कॉलेजसाठीच्या सरकारी आर्थिक मदतीच्या अर्जातही एक सोय आहे. तेराव्या वर्षानंतर कधीही फॉस्टर केअरमध्ये असलेल्या विद्यार्थ्याला आईबापांचं उत्पन्न दाखवावं लागत नाही. आपल्याकडे उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तहसील कचेरीत खेटे घातलेल्यांना याचं मोल सांगायला नको.

तरीही नुसता पैसा पुरत नाही. संशोधक मार्क कोर्टनी आणि सहकाऱ्यांनी आयोवा, इलिनॉय आणि विस्कॉन्सिनमधल्या अशा मुलांचा वर्षानुवर्षं माग ठेवला. सव्विसाव्या वर्षी त्यांच्यातल्या जेमतेम 8 टक्क्यांकडे कॉलेजची दोन किंवा चार वर्षांची पदवी होती. इतर तरुणांत हेच प्रमाण 46 टक्के. आणि ही मुलं व्हाउचरच्याच काळातली! मला वाटतं, घोडं अडतं ते सुट्टीत. नाताळात कित्येक वसतिगृहं बंद होतात. फी भरलेली, पुस्तकं घेतलेली, पण पंधरा दिवस झोपायचं कुठे?

आपल्याकडेही दिवाळीत मेस बंद होते, खोल्यांना कुलपं लागतात. मदत इथेही आहे: महाराष्ट्राने 2018 मध्ये अनाथांना शिक्षणात आणि नोकरीत 1 टक्का आरक्षण दिलं. बालगृहातून बाहेर पडणाऱ्यांसाठी अनुरक्षणगृहं आहेत, साधारण एकविसाव्या वर्षापर्यंत. पदवीचं शेवटचं वर्ष पुष्कळदा नेमकं तेव्हाच येतं.

गेलेल्या माणसाच्या नावाने विद्येला दान देण्याची आपली रीत जुनी आहे. संस्कृतसाठीची जगन्नाथ शंकरशेठ शिष्यवृत्ती 1866 पासूनची. पण आपली स्मृतिपारितोषिकं बहुधा पहिल्या आलेल्याला मिळतात, आणि त्याच्या घरी पेढे वाटायला माणसं असतात. यंदा कोणाच्या स्मरणार्थ रक्कम ठेवणार असाल, तर आधी जवळच्या अनुरक्षणगृहात जा. अधीक्षकांना एवढंच विचारा: कॉलेजला सुट्टी लागली की यांच्यातलं कोण कुठे जातं?