अष्ठीला-विशिष्ट प्रतिजन व देहभार

अष्ठीला-विशिष्ट प्रतिजन व देहभार : पुरुषाच्या मूत्राशयाखाली, मूत्रमार्गाच्या आरंभीच्या भागाभोवती असलेल्या अष्ठीला किंवा प्रोस्टेट ग्रंथीच्या कोशिका (पेशी) जे एक प्रथिन निर्माण करतात, त्यास अष्ठीला-विशिष्ट प्रतिजन म्हणतात. वैद्यकीय व्यवहारात ते ‘पीएसए’ या आद्याक्षरांनी ओळखले जाते. या प्रतिजनाचे रक्तातील प्रमाण मोजून अष्ठीला ग्रंथीच्या कर्करोगाचा माग घेतला जातो. स्थूल पुरुषांत हे प्रमाण सरासरीने कमी आढळते. त्यामुळे परीक्षेचा अंक आश्वासक दिसला, तरी तो कोणाच्या रक्तातील आहे हे लक्षात घेणे अवश्य ठरते.

हे प्रतिजन म्हणजे प्रथिनांचे विघटन करणारे एक एंझाइम असून साकळलेले वीर्य पुन्हा पातळ करणे हे त्याचे स्वाभाविक कार्य होय. वीर्यात ते विपुल असते, रक्तात मात्र त्याच्या सुमारे दशलक्षांश इतकेच झिरपते. म्हणून रक्तातील प्रमाण दर मिलिलिटरमागे नॅनोग्रॅममध्ये (नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जांश भाग) सांगतात. १९७९ मध्ये अमेरिकेतील बफालो येथील संशोधकांनी ते ग्रंथीच्या ऊतकातून शुद्ध स्वरूपात वेगळे केले. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने या परीक्षेस १९८६ मध्ये रोग्यावरील देखरेखीसाठी व १९९४ मध्ये, गुदमार्गातून बोटाने करावयाच्या तपासणीच्या जोडीने, रोगशोधनासाठी मान्यता दिली. नावातील ‘विशिष्ट’ हे विशेषण ग्रंथीला लागू आहे, कर्करोगाला नव्हे. अनेकांचा येथेच गैरसमज होतो. वाढत्या वयातील ग्रंथीची साधी वृद्धी, तिचा शोथ (दाहयुक्त सूज) किंवा मूत्रमार्गाचा संसर्ग यांमुळेही प्रमाण वाढते. उलट, ग्रंथिवृद्धीवरील फिनास्टेराइड हे औषध काही महिने घेतल्यास ते जवळजवळ निम्म्यावर येते.

दर मिलि.मागे ४ नॅनोग्रॅम ही मर्यादा दीर्घकाळ प्रचारात राहिली. परंतु तिच्याखाली रोग नसतो असे नाही. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकन पाहणीत, ज्यांचे प्रमाण सातत्याने ४ किंवा त्याहून कमी होते अशा २,९५० पुरुषांच्या ग्रंथीचे नमुने काढून तपासले असता सुमारे १५ टक्क्यांत कर्करोग आढळला. अशा डळमळीत सीमारेषेवर थोडासा फरकही निर्णय पालटू शकतो.

देहभाराचा परिणाम २००५ मध्ये अमेरिकेतील सॅन अँटोनिओ येथील पाहणीने ठळक केला. अष्ठीला कर्करोग नसलेल्या २,७७९ पुरुषांत, वय व वंश यांचा हिशेब केल्यानंतर, सामान्य वजनाच्या गटात प्रतिजनाचे सरासरी प्रमाण १·०१, तर अतिस्थूल गटात ०·६९ नॅनोग्रॅम निघाले.

याची दोन कारणे दिली जातात. पहिले रक्तद्रवाच्या आकारमानाचे. मोठ्या देहात रक्तद्रव अधिक असतो व ग्रंथीतून आलेले तेवढेच प्रतिजन त्यात अधिक विरल होते. उदा., १७० सेंमी. उंचीच्या, ७० किग्रॅ. वजनाच्या पुरुषाचे शरीरपृष्ठ रूढ सूत्राने सुमारे १·८१ चौ. मी. येते, वजन ११० किग्रॅ. असल्यास ते २·१९ चौ. मी. होते. दर चौ. मी.मागे १·६७ लि. रक्तद्रव धरल्यास पहिल्यात सुमारे ३·०, तर दुसऱ्यात ३·७ लि. रक्तद्रव असेल. पहिल्याच्या रक्तात प्रमाण ४ असेल, तर तितकेच प्रतिजन दुसऱ्याच्या रक्तात जेमतेम ३·३ दिसेल आणि तो मर्यादेच्या आत गणला जाईल. २००७ मध्ये शस्त्रक्रियेने ग्रंथी काढलेल्या १३,६३४ रोग्यांच्या अभ्यासात हाच प्रकार दिसला. देहभार-निर्देशांक (किग्रॅ. वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून येणारा अंक) ३५ किंवा अधिक असलेल्यांत अंदाजित रक्तद्रव १६ ते २१ टक्के जास्त, तर प्रतिजनाचे प्रमाण ११ ते २१ टक्के कमी होते.

दुसरे कारण हॉर्मोनांचे. प्रतिजनाची निर्मिती टेस्टोस्टेरोन या पुरुष-हॉर्मोनावर अवलंबून असते. वसा-ऊतकातील एंझाइम या हॉर्मोनाचे स्त्री-हॉर्मोनात रूपांतर करते. स्थूल पुरुषांत टेस्टोस्टेरोनाची पातळी बहुधा खालावलेली असते. मात्र या कारणाचा वाटा विरलनाइतका सहज मोजता येत नाही.

प्रतिजन कमी म्हणजे धोका कमी, असे मात्र मुळीच नाही. सुमारे ९ लाख अमेरिकन प्रौढांच्या १६ वर्षांच्या पाहणीत (२००३) ३५ ते ३९·९ निर्देशांकाच्या पुरुषांत अष्ठीला कर्करोगाने होणाऱ्या मृत्यूचे प्रमाण सामान्य वजनाच्या पुरुषांपेक्षा ३४ टक्के अधिक होते. दुसऱ्या एका अभ्यासात (२००६) स्थूल पुरुषांत सौम्य प्रकारचा कर्करोग कमी, पण उग्र प्रकारचा २९ टक्के अधिक आढळला. यात रोगाचा स्वभाव किती व उशिरा झालेले निदान किती, हे वेगळे काढणे कठीण आहे. स्थूल व्यक्तीत बोटाने तपासणी करणे अवघड जाते. ग्रंथी मोठी असल्यास सुईने घेतलेल्या नमुन्यांतून लहान अर्बुद (गाठ) निसटण्याचा संभवही वाढतो.

यावर वजनानुसार मर्यादा खाली आणावी, असे सुचविले गेले आहे. तथापि असे कोणतेही सूत्र सर्वमान्य झालेले नाही. एकाच व्यक्तीचे प्रमाणही वेळोवेळी बदलते आणि मर्यादा उतरविल्यास निष्कारण नमुने काढणे व निरुपद्रवी रोगावर उपचार करणे वाढते. सरसकट चाळणी परीक्षेबाबतही मतभेद आहेत. अमेरिकेतील प्रतिबंधक सेवा कृतिगटाने २०१२ मध्ये तिच्याविरुद्ध शिफारस केली होती. २०१८ मध्ये ५५ ते ६९ वर्षांच्या पुरुषांनी डॉक्टरांशी विचारविनिमय करून स्वतः निर्णय घ्यावा, असे ठरविले. एकट्या अंकापेक्षा त्याच व्यक्तीच्या आधीच्या अंकांशी केलेली तुलना अधिक उपयुक्त असते. मधल्या काळात वजनात मोठा फरक पडला असल्यास तोही सांगावा.

वर उल्लेखिलेले अभ्यास अमेरिकेतील आहेत. भारतीयांत त्याच निर्देशांकास शरीरातील वसा अधिक असते व ती पोटाभोवती साठते. म्हणून भारतात २५ पासूनच स्थूलता मानण्याची शिफारस २००९ मध्ये करण्यात आली. विरलन एकूण देहाच्या आकारावर अवलंबून असल्याने, ठेंगण्या पण पोट सुटलेल्या पुरुषात ते फारसे नसेल. हॉर्मोनांचा परिणाम मात्र त्याच्यातही संभवतो.