इशारा वाडीपर्यंत कसा पोहोचतो?



मागच्या अंकात आम्ही वाड्यांवर पर्जन्यमापक बसवण्यासाठी मदत मागितली होती. त्यावर काही देणगीदार बंधुभगिनींनी विचारले, "आता हवामान प्रत्येकाच्या मोबाइलवर दिसते. मग हे काम आपल्याला कशाला?" प्रश्न रास्त आहे. उत्तर मात्र एका ओळीत बसत नाही, म्हणून हा लेख.

तुर्भ्यात खदानीच्या डोंगराला टेकलेल्या वस्त्यांत आणि एपीएमसी बाजाराच्या आसपास आमचे काम चालते. इथे मराठवाड्यातली माणसे आहेत, तशी रायगड-ठाण्याकडची ठाकूर आणि कातकरी कुटुंबेही आहेत. त्यांतली बरीच अर्धी इथे, अर्धी वाडीवर राहतात. मजुरी तुर्भ्यात, भात आणि नाचणी वाडीवर. त्यामुळे यांना एका वेळी दोन ठिकाणचे हवामान कळावे लागते, आणि ते सारखे नसते. 26 जुलै 2005 आठवा. त्या दिवशी सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस पडला आणि त्याच मुंबईत कुलाब्याला जेमतेम 73. एका शहरात एवढा फरक, तर डोंगरदऱ्यांच्या तालुक्यात किती असेल?

म्हणजे पाऊस बऱ्याच ठिकाणी मोजला पाहिजे. भारतीय हवामान खाते 1875 पासून हे काम करते, पण त्याच्या वेधशाळा जिल्ह्यागणिक मोजक्याच. म्हणून महाराष्ट्र शासनाने स्कायमेट या खासगी कंपनीबरोबर 'महावेध' प्रकल्प हाती घेतला. पहिले स्वयंचलित केंद्र 30 एप्रिल 2017 रोजी नागपूरजवळ डोंगरगाव येथे सुरू झाले, आणि पुढे राज्यातल्या दोन हजारांहून अधिक महसूल मंडळांत अशी केंद्रे उभी राहिली. सौदा साधा आहे. जागा सरकारची, सुमारे पाच मीटर बाय सात मीटर. यंत्र, खांब, कुंपण आणि देखभाल कंपनीची. तापमान, आर्द्रता, वारा आणि पाऊस यांचे आकडे दर दहा मिनिटांनी जातात. शेती आणि आपत्ती व्यवस्थापनासाठी ते शासनाला मिळतात. कंपनी तेच आकडे विमा कंपन्यांना वगैरे विकून आपला खर्च काढते.

खासगी कंपनी म्हटले की आपल्यातल्या काहींच्या कपाळाला आठ्या पडतात. माझ्या मते हा सौदा वाईट नाही. सरकारने एकट्याने एवढी केंद्रे उभारायची म्हटली असती तर निविदा आणि मंजुऱ्यांतच कितीतरी वर्षे गेली असती. मात्र त्या आकड्यावर पुढे काय ठरते, ते प्रत्येक देणगीदाराने समजून घ्यावे.

आपल्या राज्यात एखाद्या मंडळात चोवीस तासांत 65 मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला तर ती अतिवृष्टी धरतात. मग पंचनामे होतात आणि नुकसानभरपाईची वाट मोकळी होते. पण एका मंडळात अनेक गावे येतात. समजा केंद्र खाली रस्त्यालगत आहे आणि वाडी वर डोंगराच्या कुशीत. केंद्रावर 50 मिलिमीटर नोंदले गेले आणि वाडीवर 90 पडले, तर कागदोपत्री वाडीवर अतिवृष्टी झालीच नाही. बांध फुटलेला असतो, भाताचे रोप वाहून गेलेले असते, पण आकडा नसतो. केंद्र झाडाखाली किंवा भिंतीला खेटून असेल तर तो आकडाही कमी येतो. दळीची जमीन कसणाऱ्या ज्या माणसाच्या नावावर सातबारा किंवा वनहक्काचा पट्टा नाही, त्याला तर विमा आणि भरपाई दोन्हींच्या दारात उभे राहणेही कठीण.

आता दुसरी गोष्ट, इशाऱ्याची. अधिकृत इशारा हवामान खाते देते आणि लोकांना हलवण्याचा निर्णय जिल्हा प्रशासन घेते. खासगी कंपन्या अंदाज वर्तवतात, पण तो अधिकार त्यांचा नाही, आणि तसेच असावे. रंगांचा अर्थ मात्र आपण मंडळीत सांगायला हवा, कारण तो अनेकदा चुकीचा घेतला जातो. यलो म्हणजे लक्ष ठेवा, ऑरेंज म्हणजे तयार राहा, रेड म्हणजे हालचाल करा. यलोला "काही नाही" समजून लोक ओढ्यापलीकडे जातात. शिवाय इशारा बहुधा जिल्ह्याला असतो. आणि रायगड जिल्हा म्हणजे माथेरानही, श्रीवर्धनही.

हा इशारा मोबाइलवर येतो तेव्हाही त्यात सरकार आणि खासगी कंपन्या दोघेही असतात. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या 'सचेत' व्यवस्थेतून निघालेला संदेश मोबाइल कंपन्यांच्या मनोऱ्यांवरून त्या त्या भागात जातो. मनोरा नसेल तिथे ही साखळी तुटते.

19 जुलै 2023 च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळवाडीवर दरड कोसळली. 27 मृतदेह सापडले, 57 माणसे ढिगाऱ्याखालीच राहिली. तुर्भ्याहून चौक गाव फार लांब नाही, पण तिथून वाडीपर्यंत पायवाटच होती. बचावाची माणसेसुद्धा चालत चढली. ही वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती. दुसऱ्या दिवशी, 20 जुलैच्या सकाळी, देशभर कितीतरी मोबाइलवर आपत्तीच्या इशाऱ्याची चाचणी म्हणून मोठा आवाज वाजला. त्या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नव्हता. पण यंत्र सज्ज होत होते आणि वाडी त्याच्या कक्षेबाहेर होती, हे विसरता येत नाही.

यहेज्केलाच्या तेहतिसाव्या अध्यायातला पहारेकरी आपल्याला ठाऊक आहे. संकट येताना दिसले आणि त्याने कर्णा फुंकला नाही, तर हिशेब त्याच्याकडे मागितला जातो. तो अध्याय आपण बहुधा आत्म्यांच्या संदर्भात वाचतो. मी आता तो पावसाच्या संदर्भातही वाचतो. उपग्रह सरकारकडे, यंत्रे कंपनीकडे. तरी शेवटच्या पायवाटेवर कर्णा घेऊन कोणी तरी माणूसच लागतो.

हे काम मिशनच्या माणसांनी यापूर्वी केलेले आहे. स्विस येशूसंघीय फादर हर्मन बाखर 1948 मध्ये भारतात आले. पुढे 1993 मध्ये त्यांनी क्रिस्पिनो लोबो यांच्यासह वॉटर ही पाणलोट विकास संस्था उभी केली. (ते आपल्या पंथाचे नव्हते. पाऊस पंथ विचारत नाही.) या संस्थेने अकोले-संगमनेर भागात गावातच हवामान केंद्रे बसवली. हवामान खात्याचा अंदाज आणि कृषी शास्त्रज्ञांचा सल्ला एकत्र करून, फवारणी आज करावी की थांबावे, हे मराठीत गावापर्यंत नेले. फोनवर आणि फलकावरही. सरकार, शास्त्रज्ञ आणि सेवाभावी संस्था असे तिघे जुळले तर काय होते, याचा हा चांगला नमुना.

आमची उडी लहान आहे. दिवाळीनंतर कातकरी कुटुंबे उचल घेऊन वीटभट्ट्यांवर जातात. मजुरी हजार विटांमागे. अवकाळी पावसात कच्च्या विटा विरघळल्या की अनेक ठिकाणी त्या मोजल्याच जात नाहीत, आणि उचल फिटायची राहते. इथे आदल्या संध्याकाळचा अंदाज पुरेसा असतो, पण झाकायला ताडपत्री हवी. म्हणून प्रत्येक भट्टीवर एका शिकलेल्या मुलाला किंवा मुलीला अंदाज वाचून सांगण्याचे काम दिले आहे. विजेसाठी पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचे 'दामिनी' हे मोफत ॲप त्यांच्या फोनवर घालून देतो. तुमच्या देणगीतला मोठा वाटा ताडपत्रीला जाईल.

पावसाळ्यात वाड्यांवर साधे पर्जन्यमापक आणि एक वही. हवामान खाते पावसाचा दिवस सकाळी साडेआठला मोजते, म्हणून आमचीही नोंद साडेआठलाच. वहीतल्या आकड्याला सरकारी मान नाही, हे वाडीवर आम्ही आधीच सांगतो. पण तलाठ्याकडे पाहणीचा अर्ज देताना तारीख आणि आकडा लिहिलेला असला की बोलणे वेगळे होते. जून ते सप्टेंबरच्या नोंदी मंडळाच्या केंद्रावरच्या आकड्यांशेजारी ठेवून आम्ही ऑक्टोबरच्या अंकात छापणार आहोत.