पेशीच्या दप्तरातील बोजा उतरविणारी विकरे

सातबाऱ्यावर कर्जाचा बोजा चढतो, व कर्ज फिटल्यावर तो उतरल्याचा फेरफारही व्हावा लागतो, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. फेड होऊनही बोजा राहिला तर जमीन विनाकारण अडकते; फेड न होता उतरला तर देणे बुडते. सजीवांच्या पेशींत असाच व्यवहार अहोरात्र चालतो.

पेशीतील बिघडलेल्या अथवा काम संपलेल्या प्रथिनांस युबिक्विटिन नावाचे, 76 अमिनो आम्लांचे, लहानसे प्रथिन चिकटविले जाते. अशा खुणांची साखळी म्हणजे बहुधा 'हे मोडून टाकावे' असा हुकूमच होय. मग प्रोटिआसोम नामक यंत्रणा त्या प्रथिनाचे तुकडे करते. ह्या शोधाबद्दल सिचानोव्हर, हर्श्को व रोझ ह्यांस 2004 साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. काही खुणा मात्र मोडण्याच्या नसून काम चालू करण्याच्या असतात.

ह्या खुणा काढणाऱ्या विकरांस डीयुबिक्विटिनेज म्हणतात. मनुष्याच्या शरीरात ती सुमारे 100 प्रकारची आहेत. काढलेले युबिक्विटिन वाया न जाता पुन्हा उपयोगी पडते.

तोल कोणत्याही बाजूस गेला तरी रोग उद्भवतो. सीवायएलडी हे विकर आनुवंशिक दोषाने निकामी झाले, तर वाढीचा संदेश थांबत नाही व डोक्याच्या त्वचेवर गाठी येतात. उलट यूएसपी7 हे विकर एमडीएम2 ह्या प्रथिनास वाचविते, आणि ते प्रथिन कर्करोगास आवरणाऱ्या पी53 चा नाश घडविते. म्हणून यूएसपी7 ला रोखणाऱ्या औषधांचा शोध चालू आहे. आपल्याच पनवेल तालुक्यात, खारघर येथील टाटा स्मारक केंद्राच्या संशोधन संस्थेत, प्रोटिआसोमचा अभ्यास झालेला आहे.

भातातही मनुष्यातील एका विकरासारखे ओटीयूबी1 हे विकर आहे. ते निकामी झालेल्या रोपास फुटवे कमी येतात, पण लोंबीत दाणे अधिक धरतात, असे 2017 साली चीनमधील शास्त्रज्ञांनी दाखविले. म्हणजे एका अंगी लाभ, तर दुसऱ्या अंगी तूट.

हा गुण बियाण्याच्या पोटी असतो. 'एन्झाइम' असे लिहिलेली बाटली फवारून तो पिकात उतरत नाही. तेव्हा बाटलीवर पैसा घालण्यापूर्वी शेतकरी बंधूंनी वाणाचा विचार करावा, व खारजमिनीच्या भाताविषयी पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राचा सल्ला घ्यावा, हे आम्हांस इष्ट वाटते.