साखर, कोलॅजेन आणि त्वचेचे वय
लेखमाला : त्वचेची जडणघडण — लेखांक ६

त्वचेच्या बाह्य थराखाली अंतस्त्वचा असते आणि तिचा सांगाडा कोलॅजेन या प्रथिनाच्या तंतूंनी विणलेला असतो. पाणी वगळले तर अंतस्त्वचेच्या वजनाचा सुमारे तीन चतुर्थांश भाग कोलॅजेनचा भरतो. त्वचेला ताण सोसण्याची ताकद या तंतूंमुळे मिळते. ताणलेली त्वचा पुन्हा जागेवर येते ती इलॅस्टिन या दुसऱ्या प्रथिनामुळे. वय वाढते तशी ही दोन्ही प्रथिने बदलत जातात, आणि त्या बदलाच्या प्रमुख कारणांमध्ये रक्तातील साखर मोडते. साखरेचा रेणू प्रथिनाला कोणत्याही विकराच्या मदतीशिवाय आपोआप चिकटण्याच्या क्रियेला ग्लायकेशन म्हणतात.

कोलॅजेनची घडण

कोलॅजेनच्या रचनेचा उलगडा भारतात झाला. गोपालसमुद्रम नारायण रामचंद्रन आणि गोपीनाथ कार्था यांनी १९५४ साली मद्रास विद्यापीठातून या रेणूची तिपेडी रचना मांडली. रामचंद्रन हे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत चंद्रशेखर वेंकट रामन यांचे विद्यार्थी होते. १९७०च्या दशकाच्या आरंभी ते त्याच संस्थेत परतले आणि तेथे त्यांनी रेणवीय जीवभौतिकीचा विभाग उभारला.

तिपेडी दोरीप्रमाणे कोलॅजेनच्या तीन साखळ्या एकमेकींभोवती पीळ घेतात. प्रत्येक साखळीत सुमारे एक हजार अमिनो आम्ले असतात आणि दर तिसऱ्या जागी ग्लायसीन येते. ग्लायसीन हे सर्वांत लहान अमिनो आम्ल असल्यामुळे पिळाच्या आतल्या अरुंद जागेत तेच मावते. बाकीच्या अमिनो आम्लांच्या बाजूच्या शाखा बाहेर डोकावतात. लायसीन आणि आर्जिनीन ही त्यांपैकी दोन. पेशींभोवतीच्या द्रवातील ग्लुकोज याच उघड्या शाखांना गाठते.

कोलॅजेन दीर्घायुषी असते, हे या प्रश्नाचे मूळ आहे. त्वचेतील कोलॅजेनपैकी निम्मे बदलायला सुमारे पंधरा वर्षे लागतात. विशीत तयार झालेले काही तंतू पन्नाशीतही जागेवर असतात, म्हणजे तीस वर्षे ते ग्लुकोजच्या संपर्कात राहिलेले असतात. तांबडी रक्तपेशी मात्र सुमारे १२० दिवसच जगते. त्यामुळे तिच्यातील हिमोग्लोबिनला चिकटलेल्या साखरेवरून मागच्या दोन-तीन महिन्यांचा अंदाज येतो. मधुमेहाच्या तपासणीतील एचबीएवनसी हा आकडा म्हणजे हिमोग्लोबिनचे ग्लायकेशनच होय. मधुमेही व्यक्तींच्या रक्तातील या वेगळ्या हिमोग्लोबिनकडे सॅम्युएल राहबर यांनी १९६८ साली तेहरानमध्ये लक्ष वेधले. रक्तात जे तीन महिन्यांत दिसते, तेच त्वचेत अनेक दशके साठत जाते.

तीन टप्पे

पहिल्या टप्प्यात ग्लुकोजचा रेणू लायसीनच्या टोकाशी सैलसा जोडला जातो. हा बंध काही तासांत तयार होतो आणि साखर उतरली की तितक्याच सहज सुटतो. दुसऱ्या टप्प्यात, काही दिवसांत ते काही आठवड्यांत, या जोडणीची अंतर्गत रचना बदलते आणि ती अधिक टिकाऊ होते. तिला अमाडोरी संयुग म्हणतात. हा टप्पाही काही अंशी उलटता येतो. तिसऱ्या टप्प्याला महिने आणि वर्षे लागतात. ऑक्सिडीकरण, पाणी निघून जाणे आणि अणूंची फेरजुळणी होऊन जी संयुगे बनतात त्यांना ग्लायकेशनची अंतिम उत्पादने म्हणतात. त्यांचे इंग्रजी लघुनाम एजीई असे आहे. ती बनली की मागे फिरण्याचा मार्ग शरीराकडे जवळपास उरत नाही.

फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई-कामिय मायार यांनी १९१२ साली अमिनो आम्ले आणि साखर एकत्र तापवून हीच अभिक्रिया नोंदवली. भाकरीवरचे तपकिरी डाग, डोशाचा सोनेरी पापुद्रा आणि भाजलेल्या कॉफीचा रंग व वास यांत तिचाच मोठा वाटा असतो. तव्यावर ती काही मिनिटांत होते, तर ३७ अंश सेल्सियसच्या शरीरात तिला वर्षे लागतात. व्हिन्सेंट मोनिये आणि अँथनी सेरामी यांनी १९८१ साली असे मांडले की दीर्घायुषी प्रथिनांचे हे संथ तपकिरी होणे वार्धक्याचे एक कारण असावे. तेव्हापासून हा विषय स्वयंपाकाच्या रसायनशास्त्रातून वैद्यकात आला.

सगळ्या शर्करा सारख्या वेगाने चिकटत नाहीत. ग्लुकोजचा रेणू बहुतेक वेळ बंद कड्याच्या रूपात असतो, म्हणून तो तुलनेने मंद ठरतो. फ्रुक्टोज त्याच्या कित्येक पट वेगाने अभिक्रिया करते. साध्या साखरेचा निम्मा भाग फ्रुक्टोज असतो, पण त्याचा बराचसा हिस्सा यकृत उचलून घेते. त्यामुळे त्वचेपर्यंत पोहोचणारी मुख्य शर्करा ग्लुकोज हीच असते.

त्वचेवर काय होते

अंतिम उत्पादनांपैकी काही शेजारच्या दोन कोलॅजेन रेणूंना आडवे जोडतात. अशा आडव्या बंधांत सर्वाधिक आढळणारे संयुग म्हणजे ग्लुकोसेपेन. ते लायसीन आणि आर्जिनीन यांच्यामध्ये बनते. आडव्या बंधांमुळे तंतू एकमेकांवरून सरकत नाहीत आणि अंतस्त्वचा ताठर होते. जुने कोलॅजेन कापून काढणाऱ्या विकरांना जखडलेले तंतू नीट तोडता येत नाहीत. परिणामी जुने हटत नाही आणि नव्याला जागा मिळत नाही. इलॅस्टिनही असेच बिघडते, विशेषतः उन्हाला उघड्या राहणाऱ्या भागात.

दुसरा परिणाम पेशींवर होतो. पेशींच्या पृष्ठभागावर अंतिम उत्पादने ओळखणारा एक ग्राही असतो. तो उत्तेजित झाला की सौम्य पण सततचा दाह सुरू राहतो आणि कोलॅजेन तयार करणाऱ्या पेशी मंदावतात. तिसरा परिणाम रंगावर दिसतो. ही संयुगे पिवळसर तपकिरी असतात, म्हणून उतारवयात त्वचेला निस्तेज पिवळट छटा येते.

मधुमेहात हे सगळे लवकर आणि अधिक प्रमाणात घडते. दीर्घकाळ साखर चढलेली राहिल्यास बोटांच्या सांध्यांवरील त्वचा जाड व घट्ट होते. नमस्कारासाठी हात जोडले तर तळवे व बोटे एकमेकांना पूर्ण टेकत नाहीत. डॉक्टर ही खूण तपासणीत मुद्दाम पाहतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाठबळाने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत ११.४ टक्के प्रौढांना मधुमेह आणि १५.३ टक्के प्रौढांना मधुमेहपूर्व अवस्था आढळली. गोव्यात मधुमेहाचे प्रमाण सर्वाधिक, २६.४ टक्के होते.

मधुमेह नसतानाही साखरेची पातळी चेहऱ्यावर उमटते. नेदरलँड्समधील लायडेन येथे सुमारे सहाशे मध्यमवयीन व वृद्ध व्यक्तींची छायाचित्रे दाखवून त्यांच्या वयाचा अंदाज घेण्यात आला. रक्तातील ग्लुकोज डेसिलिटरमागे सुमारे १८ मिलिग्रॅमने जास्त असेल, तर चेहरा सरासरी पाच महिन्यांनी मोठा वाटत होता. ऊन, धूम्रपान आणि वजन यांचा प्रभाव वजा केल्यावरही हा संबंध टिकला. हे निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाले.

ताटातून येणारा वाटा

आहाराचा संबंध दोन वेगळ्या वाटांनी येतो. पहिली वाट रक्तातील साखरेची. दुसरी वाट अन्नात आधीच तयार असलेल्या अंतिम उत्पादनांची. त्यांचा साधारण दहावा हिस्सा आतड्यातून शोषला जातो आणि त्यातला काही भाग मूत्रपिंडे बाहेर टाकतात. भाजणे, तळणे, ग्रिल करणे अशा कोरड्या उष्णतेत ही उत्पादने खूप वाढतात. उकडणे, वाफवणे आणि रस्सा करून शिजवणे यांत ती कमी राहतात. लिंबू, चिंच किंवा ताक यांच्या आंबटपणातही ती कमी बनतात.

बंगळूरच्या रोजच्या खाण्यात या दोन्ही वाटा शेजारी शेजारी दिसतात. वाफवलेल्या इडलीत अंतिम उत्पादने अगदी कमी असतात, पण तिच्यातील तांदळाचा स्टार्च रक्तात साखर झटकन चढवतो. लोण्यावर खरपूस भाजलेल्या बेन्ने डोशात दोन्ही बाजू भारी पडतात. म्हैसूर पाक आणि बेकरीतील गोड बन यांचेही तसेच. म्हणून केवळ पदार्थ वाफवलेला आहे एवढ्यावर समाधान मानता येत नाही. इडलीबरोबर वाटीभर डाळ-भाज्यांचे सांबार आणि ओल्या खोबऱ्याची चटणी घेतली, इडल्यांची संख्या आवरली, तर साखरेची उसळी कमी होते.

शिजवण्याच्या पद्धतीचा प्रयोग भारतातच झाला आहे. चेन्नईच्या मद्रास मधुमेह संशोधन प्रतिष्ठानाने ३८ जादा वजनाच्या प्रौढांना प्रत्येकी बारा आठवडे दोन प्रकारचे आहार दिले. एकात उकडलेले व वाफवलेले पदार्थ होते, दुसऱ्यात भाजलेले व तळलेले. पहिल्या आहाराने इन्सुलिनची परिणामकारकता सुधारली आणि दाहाच्या काही खुणा उतरल्या. हा प्रयोग त्वचेवरचा नव्हता, तरी स्वयंपाकाची पद्धत बदलून शरीरातील स्थिती बदलते हे त्याने दाखवले.

रागी, म्हणजे मराठी घरांतली नाचणी, हिचाही या विषयाशी थेट संबंध आहे. चेन्नईतील संशोधकांनी २००२ साली नाचणीच्या आणि कोद्राच्या अर्काने परीक्षानळीत कोलॅजेनचे ग्लायकेशन व आडवे बंध कमी होतात असे दाखवले. हा गुण धान्याच्या टरफलाजवळील फिनॉल वर्गातील संयुगांकडे जातो. हळद, दालचिनी, लवंग यांच्या अर्कांतही परीक्षानळीत असे गुण दिसतात. मात्र परीक्षानळीतील अर्क आणि पोटातून रक्तात उतरणारा अंश यांत फार अंतर आहे. नाचणीच्या बारीक पिठाची पातळ आंबील साखर बऱ्यापैकी वेगाने चढवू शकते. नाचणी चांगली आहे ती अख्ख्या धान्यातील तंतू आणि कॅल्शियमसाठी. सुरकुत्यांवरचे औषध म्हणून तिची शिफारस करता येत नाही.

ऊन आणि धूर

मागील लेखांकात उन्हाचे परिणाम सविस्तर आले आहेत. ग्लायकेशनशी त्यांचा संबंध असा की अंतिम उत्पादने अतिनील-अ किरण शोषतात आणि त्या ऊर्जेतून ऑक्सिजनची विध्वंसक रूपे तयार करतात. ही रूपे आणखी ग्लायकेशन घडवतात. बंगळूर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर आहे. हवा आल्हाददायक असल्यामुळे ऊन सौम्य वाटते, पण विषुववृत्ताजवळच्या अक्षांशामुळे आणि उंचीमुळे अतिनील किरण तीव्रच असतात. अतिनील-अ किरण मोटारीच्या बाजूच्या काचेतूनही बऱ्याच प्रमाणात आत येतात.

गडद त्वचेतील मेलॅनिन काही संरक्षण देते आणि सुरकुत्या उशिरा येतात, परंतु काळपट डाग आणि असमान रंग आधी दिसू लागतात. तंबाखूच्या धुरात ग्लायकेशन घडवणारी अतिक्रियाशील संयुगे तयारच असतात. ती फुप्फुसातून रक्तात जातात.

उपाय : सिद्ध, अर्धसिद्ध, असिद्ध

सर्वांत भक्कम पुरावा साखर आटोक्यात ठेवण्याचा आहे. इन्सुलिनवर असलेल्या मधुमेही रुग्णांची साखर चार महिने काटेकोरपणे आटोक्यात आणली, तेव्हा त्वचेच्या कोलॅजेनवरील अमाडोरी संयुगे सुमारे एक चतुर्थांशाने घटली. हे १९९१ साली नोंदवले गेले. पण त्याच नमुन्यांतील अंतिम उत्पादने घटली नाहीत. सुरुवातीचे टप्पे परतवता येतात आणि शेवटचा टप्पा येत नाही, हे या एकाच निरीक्षणातून स्पष्ट होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार वरून घातलेली साखर, मध आणि फळांचे रस यांतून मिळणारी ऊर्जा एकूण ऊर्जेच्या दहा टक्क्यांखाली असावी. दोन हजार कॅलरींच्या आहारात ही मर्यादा ५० ग्रॅम होते. २५ ग्रॅम, म्हणजे सुमारे सहा चहाचे चमचे, अधिक चांगले. जेवणात आधी भाजी व डाळ आणि नंतर भात-पोळी घेणे, तसेच जेवणानंतर थोडे चालणे, यांनीही साखरेची उसळी बसते.

दुसरा सिद्ध उपाय उन्हापासून संरक्षणाचा. ऑस्ट्रेलियातील नॅम्बर येथे ९०३ प्रौढांवर साडेचार वर्षे प्रयोग झाला. रोज सनस्क्रीन लावणाऱ्यांच्या त्वचेचे वार्धक्य, मनाला येईल तेव्हा लावणाऱ्यांच्या तुलनेत, २४ टक्क्यांनी कमी भरले. त्याला टोपी, छत्री आणि पूर्ण बाह्यांची जोड द्यावी. तंबाखू सोडणे हा तिसरा उपाय.

ट्रेटिनॉइनसारखी जीवनसत्त्व-अ वर्गातील मलमे ग्लायकेशन उलटवत नाहीत, पण नवे कोलॅजेन तयार करायला लावतात. ती त्वचारोगतज्ज्ञांच्या सल्ल्यानेच वापरावीत आणि गर्भारपणात टाळावीत. त्यांचा तपशील पुढील लेखांकात येईल.

ग्लायकेशनरोधक म्हणून विकली जाणारी बहुतेक मलमे अर्धसिद्ध गटात मोडतात. त्यांतील ओलावा टिकवणारे घटक बारीक रेषा तात्पुरत्या सौम्य करतात. अंतस्त्वचेत रुजलेले आडवे बंध त्यांनी तुटल्याचा पुरावा नाही. कार्नोसीनच्या गोळ्यांचेही तेच.

बंध तोडणारे औषध शोधण्याचे प्रयत्न मात्र गंभीरपणे झाले आहेत. अमिनोग्वानिडीन हे औषध १९८०च्या दशकात आशादायक वाटले, पण मोठ्या चाचण्यांनंतर ते वापरात आले नाही. बंध तोडण्यासाठी तयार केलेले अलाजेब्रियमही बाजारात आले नाही. अमेरिकेतील येल विद्यापीठात २०१५ साली ग्लुकोसेपेन प्रयोगशाळेत बनवण्यात आले. त्यामुळे ते तोडू शकणारी विकरे शोधण्याचा रस्ता खुला झाला.

त्वचेतील अंतिम उत्पादने प्रकाशाच्या साहाय्याने मोजणारी यंत्रेही निघाली आहेत. ही संयुगे चमकतात, त्या चमकेवरून अंदाज बांधला जातो. गडद त्वचेत मेलॅनिन हा प्रकाश शोषून घेते, म्हणून पुष्कळ भारतीयांत हे मोजमाप भरवशाचे ठरत नाही. त्यापेक्षा साध्या रक्ततपासणीतील एचबीएवनसी अधिक उपयोगी. ५.७ टक्क्यांखाली तो सामान्य, ५.७ ते ६.४ मधुमेहपूर्व आणि ६.५ पासून पुढे मधुमेह मानला जातो.

झालेले आडवे बंध आज कोणतेही औषध सोडवत नाही. पुढे होणारे बंध मात्र निश्चित कमी करता येतात. कोलॅजेन पंधरा वर्षांच्या गतीने बदलत असल्यामुळे तिशीत लावलेल्या सवयींचा लाभ पन्नाशीत मिळतो. तेच उपाय डोळे, मूत्रपिंडे आणि रक्तवाहिन्या यांतील प्रथिनांनाही वाचवतात, आणि त्यांची हानी सुरकुत्यांपेक्षा कितीतरी गंभीर असते.