विश्लेषण : प्रथिनांच्या कारखान्यात एका अक्षराची चूक किती महागात पडते?

जिवाणूंमधील दोन प्रथिनांची क्षणभराची गाठभेट बिघडली, तर पेशीचे काम मंदावते. हीच गाठभेट माणसाच्या पेशीतही होते आणि ती बिघडल्यास तान्ह्या बाळाच्या जिवावर बेतू शकते.

ही दोन प्रथिने कोणती?

पेशीत प्रथिने तयार होतात ती रायबोसोमवर. त्यासाठी लागणारी अमिनो आम्ले ‘ईएफ-टीयू’ हे प्रथिन पोहोचवते. ई. कोलाय जिवाणूत सर्वाधिक आढळणाऱ्या प्रथिनांपैकी हे एक. माल उतरवताना त्याच्याजवळच्या ‘जीटीपी’ या ऊर्जारेणूचा ‘जीडीपी’ होतो. हा वापरलेला रेणू टाकून नवा घेतल्याशिवाय पुढची खेप होत नाही.

मग अडचण कुठे?

ईएफ-टीयू जीडीपी सहज सोडत नाही. एकट्याने सोडायचे तर कित्येक मिनिटे लागतात. रायबोसोम मात्र सेकंदाला १५ ते २० अमिनो आम्ले जोडत असतो. इथे ‘ईएफ-टीएस’ हे दुसरे प्रथिन मदतीला येते. ते चिकटताच जीडीपी सुटण्याचा वेग सुमारे ६० हजार पटींनी वाढतो. जीटीपी आला की ईएफ-टीएस बाजूला होते.

उत्परिवर्तनाने काय बिघडते?

या जोडीची रचना १९९६ मध्ये स्पष्ट झाली. ईएफ-टीएसमधील ८१ व्या क्रमांकाचे फेनिलअॅलानिन हे अमिनो आम्ल पाचरीसारखे ईएफ-टीयूमध्ये घुसते. त्यामुळे जीडीपीला धरून ठेवणाऱ्या मॅग्नेशियमची जागा विस्कटते. जनुकातील एक अक्षर बदलले, की अशा मोक्याच्या जागी वेगळे अमिनो आम्ल येऊ शकते. मग पाचर नीट बसत नाही किंवा पकड सैल होते. प्रयोगशाळेत अशा जागा मुद्दाम बदलल्यावर ईएफ-टीएसचे काम मंदावल्याचे दिसले.

माणसाशी याचा संबंध काय?

आपल्या पेशींना ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियाचे पूर्वज जिवाणूच. त्यामुळे तिथेही हीच जोडी काम करते. २००६ मध्ये दोन वेगवेगळ्या कुटुंबांतील बाळांमध्ये ईएफ-टीएसच्या जनुकात नेमके एकच उत्परिवर्तन सापडले. आई आणि वडील अशा दोघांकडून बिघडलेली प्रत आली होती. बदल होता ईएफ-टीयूशी जुळणाऱ्या भागाशी निगडित. एका बाळाच्या मेंदू व स्नायूंवर परिणाम झाला, तर दुसऱ्याच्या हृदयाचे स्नायू जाड झाले. बदल एकच असताना आजार वेगळे का, हा प्रश्न संशोधकांनाही चक्रावून गेला.

उपाय आहे का?

या बाळांच्या पेशींमध्ये ईएफ-टीएसचे किंवा त्याच्या जोडीदाराचे, ईएफ-टीयूचे, प्रमाण वाढवल्यावर प्रथिननिर्मिती सुधारली. पकड सैल असली, तरी जोडीदार मुबलक असले की गाठ पडते. हे प्रयोगशाळेतील पेशींपुरते आहे, उपचार नव्हे. पण दोष नेमका कोणत्या जोडणीत आहे, हे त्यातून कळले. जनुकीय तपासणीमुळे अशा कुटुंबांना पुढच्या अपत्याचा निर्णय माहितीच्या आधारे घेता येतो.