चावी लावू नका, मी येतोय

जो बिघाड दिवसातून एकदाच दिसतो, त्याच्यासाठी गाडी मिस्त्रीकडे नेऊन उपयोग नसतो, मिस्त्रीलाच गाडीपाशी जावं लागतं. रात्रभर उभा असलेला डिझेल ट्रक पहाटे पहिल्याच सेल्फला लागतो, अर्धा मिनिट नीट चालतो आणि आचके देऊन बंद पडतो. मग बॅटरी दमेपर्यंत सेल्फ मारायचा. एकदा कसाबसा लागला की दिवसभर तक्रार नाही. गॅरेजात पोचेपर्यंत इंजिन तापलेलं असतं आणि दाखवण्यासारखं काही उरलेलं नसतं. म्हणून कोल्हापूरच्या उद्यमनगरातले माझ्या ओळखीचे एक डिझेल मिस्त्री फोनवर एवढंच सांगतात, "चावी लावू नका, मी येतोय."

गुळाच्या हंगामात त्यांच्याबरोबर मार्केट यार्डाकडे गेलो. गाडी रात्री रिकामी येऊन थांबली होती. दिवसा गुळाचे रवे भरायचे आणि दुसऱ्या दिवशी पहाटे गुजरातची वाट धरायची. गाडी जुनी, इनलाइन पंपाची. दोष थंडीचाच, अशी चालकाची खात्री. त्यापायी नवी बॅटरी घेऊन झाली होती, एका गॅरेजात नोझल काढून झाले होते, दुसरीकडे फिल्टर बदलले होते. फरक शून्य.

थंडीवर संशय घेणं चुकीचं नाही. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरमधली हवा 17-18 पट दाबली जाते, 500 अंशांच्या पुढे तापते आणि तिच्यात फवारलेलं डिझेल पेट घेतं. गार लोखंड ही उष्णता ओढून घेतं हे खरं. पण मग इंजिन लागतानाच कुरकुरेल, पांढरा धूर टाकेल. ही गाडी तर सहज लागत होती. राहिली डिझेल गोठण्याची गोष्ट, तर ती लडाखची. तिथल्यासाठी इंडियन ऑइलने 2019 मध्ये उणे 33 अंशांपर्यंत प्रवाही राहणारं डिझेल आणलं. कोल्हापूरच्या गारठ्यात डिझेलला काही होत नाही.

मिस्त्रींनी बॉनेटला हात लावण्याआधी चौकशी केली.

"टाकी फुल्ल केल्यावर त्रास कमी हुतोय काय?"

"व्हय की. एक-दोन दिवस बरी चालतीया."

"आन् चढाला तोंड करून लावली तर?"

"तवा लईच तरास देतीया."

बिघाड अर्धा तिथंच सापडला, असं मला वाटतं. ट्रकची टाकी चासीच्या कडेला खाली, पंप वर. पाइपात कुठून तरी हवा शिरत असेल, तर रात्रीतून डिझेल हळूहळू टाकीत उतरतं. टाकी भरलेली असली की उतार कमी, गाडीचं तोंड वर असलं की जास्त. म्हणजे दोष थंडीचा नव्हता, रात्रभर उभं राहण्याचा होता.

मग त्यांनी फीड पंपावरचा हँडपंप मारायला घेतला आणि मलाही त्यावर हात ठेवायला लावलं. सुरुवातीचे झटके पोकळ, खाली काहीच लागत नाही. बऱ्याच वेळाने हाताला जोर लागायला लागला. फिल्टरवरचा ब्लीडिंग स्क्रू सैल केल्यावर आधी फसफस, पांढरट फेस, मग स्वच्छ, अखंड धार. स्क्रू आवळून चालकाला म्हणाले, "लाव आता." इंजिन लागलं आणि चालतच राहिलं. कॉम्प्रेशन, नोझल, बॅटरी एका फटक्यात निर्दोष सुटले.

मेन पंपात आणि फिल्टरात रात्री जे थोडं डिझेल उरतं, त्यावर ते पहिलं अर्धं मिनिट निघतं. मागून हवेचा बुडबुडा आला की खेळ संपला. नोझल उघडायला 200 बारच्या आसपास दाब लागतो. डिझेल जवळजवळ दबत नाही, म्हणून तो दाब पुढे पोचतो. हवा मात्र पंपातच दबते, सुटते, पुन्हा दबते आणि नोझल बंदच राहतो. नदीकाठच्या शेतात ऑइल इंजिनावर पाणी पाजलेल्या आपल्याकडच्या जुन्या शेतकऱ्यांना 'एअर धरली' म्हटलं की पुढचं सांगावं लागत नाही.

हवा शिरते कुठून, हे शोधणं सगळ्यात चिवट. फीड पंपाच्या पुढे दाब असतो, तिथं फट पडली तर डिझेल गळतं आणि डाग दिसतो. टाकीपासून फीड पंपापर्यंत मात्र ओढ असते. तिथली फट बाहेर काही सांडत नाही, हवा आत घेते. जागा कोरडी ठणठणीत! मिस्त्रींनी पारदर्शक नळीचा तुकडा काढला. पाणी वेगळं करणाऱ्या छोट्या फिल्टरच्या आधी तो जोडून पाहिला, डिझेल स्वच्छ. नंतर फिल्टर आणि फीड पंप यांच्या मध्ये जोडला. इंजिन चालू होताच बारीक बुडबुड्यांची माळ सरकायला लागली. फिल्टरच्या बाहेर जाणाऱ्या बँजो बोल्टखाली तांब्याचं वॉशर होतं. फिल्टर बदलताना जुनंच परत लावलेलं, एका कडेला दबून कडक झालेलं.

आताच्या बीएस-6 गाड्या 1 एप्रिल 2020 पासूनच्या, त्यांच्या कॉमन रेलला तर हवा अजिबात सोसत नाही. स्कॅनर लावला की रेलचा दाब कमी असल्याचं स्क्रीनवर येतं. पण तो कशाने कमी झाला, हे तिथंही पाइपावर हात फिरवूनच शोधावं लागतं.

दुकानं उघडायला अवकाश होता. मिस्त्रींनी शेजारच्या चहाच्या गाड्यावर सांडशीत धरून वॉशर लाल केलं आणि पाण्यात टाकलं. लोखंड असं विझवलं तर कडक होतं, तांबं मऊ पडतं. काळी पुटं घासून वॉशर बसवलं, बोल्ट बेताने आवळला, एअर काढली. "नवं वॉशर आलं की घाला, तवर ह्ये दम धरंल." पैसे मात्र घेतले नाहीत. "उद्या बघू आन् मग."

दुसऱ्या दिवशी पहाटे माल भरलेली गाडी चढाला तोंड करूनच उभी होती, ती त्यांनीच तशी लावायला सांगितली होती. चावीआधी हँडपंप. पहिल्याच झटक्याला हात अडला. त्यांनी चालकाकडे न बघताच मजुरीचा आकडा सांगितला आणि मग म्हणाले, "हां, मार सेल्फ."