मेळाव्याला अवश्य जा, पण तयारीने

‘डॉक्टर, गुडघे दुखतात, ऐकूही कमी येते, कॉलेजच्या मेळाव्याला जाऊ का?’ हिवाळा आला की सोनगीरच्या दवाखान्यात हा प्रश्न हमखास येतो. कोणी धुळ्यात शिकलेले, कोणी १९४५ साली स्थापन झालेल्या अमळनेरच्या प्रताप महाविद्यालयात. माझे उत्तर एकच : अवश्य जा.

दहा ते तीस या वयातील आठवणी मनात सर्वाधिक पक्क्या राहतात. सकाळचा नाश्ता विसरणारे आजोबाही वर्गमित्राचे टोपणनाव अचूक सांगतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५च्या अहवालानुसार जगात दर सहांपैकी एक जण एकाकीपणाने ग्रस्त आहे. जुना मित्र भेटणे ही म्हणूनच चैन नव्हे.

मात्र काही गोष्टी सांभाळा. भाषणे लांबतात, जेवणास उशीर होतो. मधुमेहाची गोळी वा इन्सुलिन घेऊन उपाशी राहिल्यास रक्तातील साखर घसरू शकते. घाम सुटला, हात थरथरले, तर लगेच साखर खा. ती खिशात असू द्या. लघवीच्या धास्तीने पाणी किंवा रक्तदाबाची गोळी परस्पर बंद करू नका. गोळीची वेळ बदलता येईल का, हे आपल्या डॉक्टरांना विचारा. औषधांची यादी जवळ ठेवा.

आणि घरच्यांनो, मेळाव्यात दिवंगत सोबत्यांची नावेही वाचली जातात. त्या रात्री आई-वडिलांजवळ बसा. कोण भेटले, हे विचाराच. कोण नव्हते, हेही विचारा. डोळे पाणावले तर अडवू नका. दोन आठवडे झोप, भूक, उत्साह मंदावलेलाच राहिला, तर मात्र डॉक्टरांना दाखवा.